कच्ची की पक्की? आधी कोंबडी बघा

घरी चिकन बिर्याणी करायची म्हटली की लोक मसाल्यावरून वाद घालतात. मी आधी पिशवीत डोकावते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गावठी कोंबडी आली असेल तर निकाल लागलाच: पक्की, म्हणजे चिकन आधी शिजवून मग भाताबरोबर थर लावायचे. भाताच्या वाफेवर ती शिजायची वाट बघाल तर भाताचा गोळा होईल आणि तंगडी चिवटच राहील. कच्ची पपई चोळून मीही एकदा हट्ट केला होता. घरच्यांनी मुकाट्याने भात तेवढा खाल्ला.

ब्रॉयलर असेल तर मात्र माझं मत कच्चीलाच, म्हणजे कच्च्या चिकनवरच भात पसरून दोन्ही एकत्र दमावर, बंद झाकणाखाली शिजवायचं. एक किलो चिकन, पाव किलो दही, आलं-लसूण, तळलेला कांदा, पुदिना, गरम मसाला, मीठ-तिखट कालवून फ्रीजमध्ये किमान चार तास. मग ते तसंच टोपाच्या तळाशी आणि वर ७० टक्के शिजलेला बासमती. शीत नखाने मोडावं, पण आत पांढरा ठिपका दिसावा, ही खूण. झाकण कणकेने बंद करून पाच मिनिटं मोठी आंच, मग खाली तवा सरकवून अर्धा तास मंद, गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं. चिकनचा रस खालून थेट भातात मुरतो. पक्कीत तेवढं मुरत नाही.

धोका एकच, पण मोठा: मध्येच झाकण उघडून बघता येत नाही. दही पातळ असेल तर तळाशी आमटी होते, म्हणून ते फडक्यात बांधून पाणी काढा.

पक्कीत चिकन आधीच शिजतं, त्यामुळे मीठ चाखता येतं. गावठीला झाकण ठेवून तासभर तरी द्या. भात ९० टक्के, दम १५ मिनिटं. पणजीहून येणारे पाहुणे 'निघालो' म्हणून तासाने निघतात, अशा घरी हीच सोयीची. सकाळी चिकनचा मसाला शिजवून फ्रीजमध्ये ठेवायचा, ते दारात आले की नीट गरम करून थर लावायचे. मसाला पातळ ठेवलात तर मात्र ती बिर्याणी नव्हे, रस्साभात.

दोन्हींत खोबऱ्याचं वाटण नको, गोव्यात हात आपोआप तिकडे वळला तरी. नारळाचा उपयोग करायचाच तर करवंट्यांचे निखारे झाकणावर ठेवा. अर्थात चूल अंगणात असेल तरच. पावसाळ्यात तळलेला कांदा संध्याकाळपर्यंत लुळा पडतो, म्हणून गार झाला की लगेच घट्ट डब्यात भरा.

पहिल्यांदाच कच्ची लावताय? मग उंच टोप नको, पसरट घ्या. चिकनचा एकच थर बसला पाहिजे, नाहीतर वरचे तुकडे शिजेपर्यंत खालचे करपतात.