एका फोनात दोन सिम, की दोन खिशांत दोन फोन?

आमच्या शेजारच्या शेडमधल्या पोरानं नवीन मशीन घातलंय. परवा चहाला त्यानं विचारलं, "काका, धंद्याला नंबर वेगळा घेतलोय. ह्याच फोनात दुसरं सिम घालू, की एक साधा फोन वेगळा घेऊ?" मी "दोन फोन घे" म्हणालो आणि कप ठेवून आत गेलो, कारण लेथवर जॉब लावलेला होता. कारण विचारायला तो मागून आला, पण मशीनच्या आवाजात काय सांगणार. म्हणून लिहूनच काढतो.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, माझी लहान शेड आहे. बुश, पिन, शाफ्ट, पंपाचे सुटे भाग, असलं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं काम. गिऱ्हाईक दोन दिशांना. उत्तरेला शिरोली, गोकुळ शिरगाव, म्हणजे कोल्हापूर. तिकडून कास्टिंग मशीनिंगला येतं. दक्षिणेला हुबळी-धारवाड. कोल्हापूर दुसऱ्या राज्यात, म्हणून तिकडच्या बिलावर आयजीएसटी; हुबळी आपल्याच राज्यात, म्हणून तिकडच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी. कोल्हापूरशी मराठी, हुबळीशी कन्नड. घरी मराठी, बँकेत जो काउंटरला बसला असेल त्याची भाषा. बेळगावात राहणाऱ्याला यात नवीन काही नाही.

दोन सिमचीही आपल्याकडे नवलाई नाही. रोमिंगचे पैसे पडत होते त्या काळात शिनोळीच्या कारखान्यांत जाणारे लोक महाराष्ट्राचं एक सिम पाकिटात घालूनच फिरायचे. हद्द ओलांडली की बसमध्येच फोनाची पाठ उघडायची, बॅटरी काढायची, सिम बदलायचं. ते सिम पायाखाली पडलं की आख्खी सीट शोधायला लागायची. त्यामुळे दोन सिमचा फोन आला तेव्हा सगळ्यांत आधी आमच्या भागातल्या लोकांनी तो उचलला असणार, असा माझा अंदाज.

मीही सात-आठ वर्षं एकाच फोनात दोन सिम वापरली, आणि तक्रार करावी असं त्यात फार काही नव्हतं. एक फोन, एक चार्जर, एकदाच विसरायचा. रिचार्ज दोन्हीकडं दोनच लागतात, त्यात फरक नाही. फोटो एका ठिकाणी राहतात. गिऱ्हाइकानं पाठवलेलं ड्रॉइंग कुठल्या फोनात आलं होतं, ही शोधाशोध नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी पूर्वी बिझनेसचं वेगळं अ‍ॅप टाकायला लागायचं. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सअ‍ॅपात दोन नंबर चालायला लागले. म्हणजे तीही अडचण गेली.

दोन सिमवाल्यांची नेहमीची एक रड असते, ती सांगून पुढं जातो. एका सिमवर बोलत असलो की दुसऱ्यावर फोन करणाऱ्याला बऱ्याच फोनांत "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू येतं. रेडिओ एकच, तो एका वेळी एकाचंच ऐकतो. हल्लीच्या काही फोनांत दुसऱ्याच्या डेटावरून कॉल घेण्याची सोय असते, कधी चालते, कधी नाही. घरचा फोन लांबला तेवढ्यात गिऱ्हाइकाला मी बंद वाटायचो. पण खरं सांगायचं तर त्यानं माझं काही फार नुकसान झालं नाही. ज्याला काम असतं तो परत करतो.

माझं घोडं अडलं ते कीबोर्डवर.

मराठी आणि कन्नड दोन्ही मी इंग्रजी अक्षरांतूनच टाइप करतो. 'नमस्कार' हवं तर इंग्रजी कळांवर तसाच उच्चार मारायचा, वर मराठी उमटतं. कन्नडचंही तसंच. आता गंमत बघा. दोन्ही कीबोर्ड दिसायला हुबेहूब सारखे. तीच इंग्रजी अक्षरं, तीच जागा. कुठली भाषा चालू आहे हे फक्त स्पेसच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि माझा चष्मा गळ्यात लोंबकळत असतो. भाषा बदलायला पृथ्वीच्या गोळ्याचं बटण. एकदा दाबलं की इंग्रजी, परत दाबलं की मराठी, परत दाबलं की कन्नड. हात कूलंटनं, म्हणजे मशीन गार ठेवायच्या पाण्यानं, बुळबुळीत असला की दोनदा दाबलेलं तीनदा लागतं.

तुम्ही म्हणाल, अहो, अक्षरं उमटल्यावर तरी दिसतात ना? तिथंच घोळ आहे. मला दोन्ही लिप्या वाचता येतात. ज्याला एकच येते त्याला चूक लगेच डोळ्यात खुपते. मला 'उद्या देतो' कन्नड अक्षरांत उमटलं तरी डोळा ते 'उद्या देतो' असंच वाचून पुढं जातो. अर्थ बरोबर लागला, मग डोक्याला लिपीशी काय देणंघेणं?

सुरुवातीला हसण्यावारी गेलं. हुबळीच्या एका गिऱ्हाइकाला कन्नड अक्षरांत अख्खं मराठी वाक्य गेलं, त्यानं फोन करून ते मलाच वाचून दाखवलं आणि विचारलं, "इदेन्री सावकार?" म्हणजे, हे काय हो, सावकार? उलटंही व्हायचं. 'आयतु' म्हणजे कन्नडमध्ये 'झालं, ठीक'. मराठी कीबोर्ड चालू असताना तेच मारलं तर सुचवणी म्हणून 'आयता' पुढं येतो. दोन वेळा मी धारवाडला नुसतं 'आयता' पाठवलंय. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला कन्नड अक्षरं गेली तेव्हा त्याचं उत्तर आलं, "बेळगावचा कुंदा पाठवशील म्हटलं तर जिलबी पाठवलास की रे!" मीही हसलो. त्या दिवशी कोणाचं काही गेलं नव्हतं.

गेलं ते पुढं. कोल्हापूरच्याच एका पार्टीच्या बुशांचा लॉट होता. सोमवारी संध्याकाळी त्यानं विचारलं, "उद्या टेम्पो पाठवू काय?" माझं बोअरचं, म्हणजे बुशाच्या आतल्या भोकाचं, काम राहिलेलं. मी लिहिलं, "नको, गुरुवारी पाठवा." लिहिलं मराठी, उमटलं कन्नड. खाली सवयीनं अंगठ्याचं चित्र टाकलं. त्या माणसाला वरच्या अक्षरांतलं ओ की ठो कळलं नाही. अंगठा तेवढा कळला. मंगळवारी सकाळी साडेनऊला टेम्पो माझ्या शेडच्या दारात. कोल्हापूरहून इथवर शंभरावर किलोमीटर, कोगनोळीचा टोल, हत्तरगीचा टोल, आणि गाडीत भरायला एकही नग तयार नाही. ड्रायव्हरला नाश्ता घातला, जाण्यायेण्याचं डिझेल माझ्या खिशातून दिलं, आणि टेम्पो रिकामा परत गेला. पार्टी काही बोलली नाही. न बोललेलंच जास्त लागलं.

त्या रात्री मुलगी म्हणाली, "पप्पा, स्पेस दाबून धरा, भाषांची यादी येते, त्यातली निवडा." करून बघितलं. दिवसाला साठ-सत्तर निरोप असतात, चार दिवसांत ते सुटलं. मग मराठीचा मूळ अक्षरांचा कीबोर्ड लावून बघितला, म्हणजे निदान दिसायला तरी वेगळा. पण त्यावर 'ज्ञ' शोधेपर्यंत गिऱ्हाइकाचा फोनच येतो. बोलून लिहायची सोय आहे, तीही वापरली. लेथ चालू असताना ती काय ऐकते ते तिलाच ठाऊक; आणि मशीन बंद करून आमचं 'येऊलालोय' म्हटलं तर पडद्यावर जे उमटतं ते कुठल्याच भाषेत बसत नाही. आधी कुठली भाषा बोलणार ते तिलाही सांगायलाच लागतं, म्हणजे गोळा काही सुटत नाही.

सिम दोन घालता येतात, व्हॉट्सअ‍ॅप दोन करता येतात, पण कीबोर्ड आख्ख्या फोनाला एकच. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

मुलीनं बाजूला टाकलेला जुना फोन घेतला, दुसरं सिम त्यात घातलं. आता इथं एक गोष्ट मी लोकांपेक्षा वेगळी केली. सगळे जण एक फोन घरचा, एक धंद्याचा असे वाटतात. मीही पहिले पंधरा दिवस तसंच केलं, आणि धंद्याच्या फोनात परत मराठी-कन्नडचा गोंधळ जसाच्या तसा, कारण धंदाच दोन भाषांत आहे. मग मी फोन भाषेनं वाटले. एका फोनात मराठी आणि इंग्रजी: घर, पाहुणे, गल्लीचा गणपती आणि कोल्हापूरची गिऱ्हाइकं. दुसऱ्यात कन्नड आणि इंग्रजी: हुबळी-धारवाड, लाइटचं ऑफिस, जीएसटी, बँक. दुसऱ्या फोनातून मराठी कीबोर्ड काढूनच टाकला, पहिल्यातून कन्नड. कोल्हापूरच्या सगळ्यांना नंबर बदलल्याचं कळवायला एक दिवस गेला. त्यानंतर आजवर एकही निरोप चुकीच्या अक्षरांत गेलेला नाही. मोजायला मी काही वही ठेवलेली नाही, पण रिकामा टेम्पो परत आला नाही एवढं नक्की.

एक फायदा नंतर लक्षात आला. संपर्कयादी. एकाच माणसाचं नाव कुणी मराठीत पाठवतं, कुणी कन्नडमध्ये, आपण स्वतः इंग्रजीत साठवलेलं असतं. एका फोनात असताना 'पाटील' शोधला तर अर्धेच पाटील सापडायचे, आणि आमच्याकडं पाटील काय थोडे आहेत! आता निदान कुठल्या लिपीत शोधायचं ते फोन हातात घेतानाच ठरलेलं असतं.

बरं, ह्या व्यवस्थेचे काटेही सांगतो, नाहीतर फोन विकणाऱ्यासारखं होईल. कोल्हापूरची गिऱ्हाइकं घरच्या नंबरावर आली, म्हणजे रविवारी मटण शिजत असताना "बोअरचा टॉलरन्स किती धरलाय?" हा प्रश्न येणारच. त्याला उपाय नाही. दुसरं, कन्नड फोन मी शेडच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घरी येतो, आणि जीएसटीचा ओटीपी त्यावरच येतो. एकदा ११ तारखेच्या रात्री सीएकडून फोन, रिटर्न अडकलंय, ओटीपी सांगा. साडेदहाला शहापुराहून स्कूटर काढून उद्यमबागेत गेलो, शटर उघडलं, सहा आकडे सांगितले, परत आलो. मात्र हाच फोन शेडमध्ये राहतो म्हणून ई-वे बिलाचं, म्हणजे माल गाडीतून नेण्याच्या ऑनलाइन कागदाचं, काम माझ्या शेडमधलं कामाचं पोरगं बसल्या जागी करून टाकतं. राज्याची हद्द ओलांडून जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्यानं कामासाठी पाठवलेला, माल आला तर रक्कम कितीही असो, ई-वे बिल लागतंच. त्याच्या लॉगिनलाही आता ओटीपी आहे. मी हुबळीला असलो तरी काम थांबत नाही. माझा स्वतःचा फोन दिवसभर पोराच्या हातात दिला असता काय? मुळीच नाही.

जुना फोन दुसरा म्हणून वापरणार असाल तर एवढं बघा: त्याला कंपनीचे सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झाले असतील, तर पैशाची अ‍ॅप त्यात ठेवू नका. यूपीआयचं अ‍ॅप ज्या नंबरावर आहे, तो नंबर त्याच फोनात असायला लागतो, म्हणून कुठला नंबर नव्या फोनात आणि कुठला जुन्यात, हे आधी ठरवा. मी मराठी नंबर नव्यात ठेवला, पैसे तिथंच.

आता, एकाच फोनात दोन सिम हे चुकीचंच, असं माझं म्हणणं नाही. माझा मेव्हणा खानापूर तालुक्यात विम्याचं काम करतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडची गावं. तिथं एका कंपनीची रेंज झाडाआड गेली की दुसरीची आली तर आली. त्याला दोन कंपन्यांची दोन सिम एकाच फोनात हवीतच. मोटरसायकलवर दोन-दोन फोन सांभाळणार कुठं? शिवाय तो लिहितच नाही. सगळं बोलून पाठवतो, मराठी, कन्नड, कोकणी, एकाच दमात. त्याचा कीबोर्ड कुठल्या भाषेत आहे हे त्यालाही माहीत नसेल. अशा माणसानं दुसऱ्या फोनाला पैसे घालू नयेत. ज्याचं सगळं काम एकाच भाषेत चालतं त्यालाही मी आग्रह करणार नाही, घरचं-धंद्याचं वेगळं ठेवायचा हट्ट असेल तर गोष्ट निराळी.

पण दोन लिप्यांत लिहून पोट भरत असाल, आणि दोन्ही सारख्याच वाचता येत असतील, तर माझं मत तुम्हाला कळलंच असेल. शेजारच्या पोराचीही गिऱ्हाइकं कोल्हापूर आणि हुबळीच आहेत.

एक राहिलं. दोन्ही फोन काळे असले की घाईत चुकीचा उचलला जातो. मुलीनं सुचवलं, मराठीच्या फोनाला भगवं कव्हर घाला, कन्नडच्या फोनाला लाल-पिवळं. मी म्हटलं, बाई, मला उद्यमबागेत धंदा करायचाय. दोन्हींना पारदर्शक कव्हर घातलं, आणि कन्नड फोनाच्या पाठीवर हिरव्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा मारलाय.