सर्व्हिस डॉगचं 'रजिस्ट्रेशन किट': जॅकेट ठीक, कार्ड निव्वळ रद्दी

सर्व्हिस डॉगची, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्याची, 'नोंदणी' विकणाऱ्या ज्या वेबसाइटचं हे किट आहे तिचं नाव लिहीत नाही. अशा वेबसाइटी पुष्कळ आहेत आणि सगळ्यांचा माल सारखाच. एकीचं नाव घेतलं तर दुसरी बरी असेल असं कोणाला वाटायचं. किट मी विकत घेतलेलं नाही. टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिराने दिवाळीची भेट म्हणून थेट आमच्या पत्त्यावर पाठवलं, आणि मागोमाग व्हॉट्सॲपवर मेसेज: "वहिनी, आता बंड्याला कोणी अडवणार नाही." माया खरी आहे, त्याबद्दल शंकाच नाही. किंमत मी नंतर पाहिली. 'आजीवन नोंदणी'सकट १२० डॉलरच्या आसपास.

बंड्या म्हणजे माझा हिअरिंग डॉग. मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. मशीन लावलं तरी दाराची बेल, मागून आलेली हाक, दुसऱ्या खोलीतला धुराचा अलार्म हे माझ्यापर्यंत पोचत नाही. बेल वाजली की बंड्या माझ्या गुडघ्याला नाक लावतो आणि दाराकडे घेऊन जातो. अलार्म वाजला तर कुठेच नेत नाही, समोर येऊन सपशेल आडवा होतो, म्हणजे 'बाहेर पड'. दुकानात कोणी माझ्या नावाने हाक मारली तर थबकून त्या दिशेला बघतो. एका संस्थेने त्याला हे सगळं शिकवलं आणि मग आम्हा दोघांना एकत्र बसवून मलाही शिकवलं. तेव्हा कुत्रा अस्सल आहे. प्रश्न किटचा आहे.

खोक्यात निघालं ते असं: लाल जॅकेट, गळ्यात अडकवायची दोरी, त्यात घालायची प्लॅस्टिकची दोन कार्डं (एक माझ्यासाठी, एक बंड्यासाठी), आणि जाड कागदावरचं सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, फ्रेम करून भिंतीवर लावता येईल असं. जॅकेट खरंच बरं आहे, हे आधीच सांगते. कापड दणकट, छातीखालचं बक्कल एका हाताने लागतं, कडेची पट्टी रात्री गाडीच्या उजेडात लखलखते. धुऊन रंग गेला नाही. नुसतं जॅकेट असतं तर पाचपैकी चार तारे दिले असते. एक तारा त्यावरच्या मजकुरासाठी कापला: 'फुल ॲक्सेस, फेडरल लॉ'. कुत्र्याच्या पाठीवर कायद्याची धमकी कशाला? त्यापेक्षा 'हात लावू नका, कामावर आहे' एवढं लिहिलं असतं तर मंडळाच्या कार्यक्रमात बंड्याला गुपचूप मोदक भरवणाऱ्या काकू तरी थांबल्या असत्या.

कार्डाची मात्र कमाल आहे. वर गरुड, मागे झेंडा, चकचकीत हॉलोग्राम, बंड्याचा फोटो आणि सात आकडी नंबर. लांबून पाहिलं तर पासपोर्ट ऑफिसातून आलंय असं वाटेल. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्याच कंपनीचं पान उघडतं, तिथे बंड्याचं नाव, 'ॲक्टिव्ह' असा हिरवा ठिपका आणि खाली दुसऱ्या पाळीव प्राण्यासाठी सवलतीचं बटण. वेबसाइटच्या अगदी तळाशी, फिकट करड्या अक्षरांत, चष्मा पुसून वाचावं लागेल असं एक वाक्य: आमचा सरकारशी काही संबंध नाही.

नंबर देण्याआधी ते काय तपासतात, याचं मला कुतूहल होतं. माझ्या लेकाने एका रविवारी त्यांचा फॉर्म भरून पाहिला. फोटो घातला ओट्यावरच्या प्रेशर कुकरचा. नाव 'शिट्टी'. जात 'मिक्स'. वय बारा, कारण कुकर लग्नात आईने दिलेला नव्हे, नंतरचा. प्रशिक्षण झालंय का, या चौकोनात टिचकी मारली. फॉर्मने कुठेही कुरकुर केली नाही. थेट पैसे भरायच्या पानावर नेऊन 'अभिनंदन, शिट्टी पात्र आहे' म्हणाला आणि जॅकेटची साइझ विचारली. तिथे आम्ही थांबलो.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची कुठलीही सरकारी नोंदणी नाही. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्टने, म्हणजे एडीएने, अपंग माणसाला हक्क दिला. कुत्र्याची नेमकी व्याख्या २०११ पासून लागू झालेल्या नियमांत आली: अपंगत्वाशी निगडित असं काम करायला खास शिकवलेला कुत्रा. शिकवायचं कोणी, यावर बंधन नाही. संस्था शिकवू शकते, मालक स्वतः घरीही शिकवू शकतो. जॅकेट सक्तीचं नाही. कार्ड, सर्टिफिकेट, नंबर यांतलं काही दाखवावं लागत नाही. उलट ऑनलाइन विकली जाणारी असली कागदपत्रं कुठलाही हक्क देत नाहीत आणि आम्ही ती पुरावा म्हणून मानत नाही, असं न्याय खात्यानेच आपल्या प्रश्नोत्तरांत स्वच्छ लिहून ठेवलंय. एडीए डॉट गव्ह या साइटवर ती फुकट वाचता येतात. १२० डॉलरच्या किटपेक्षा त्याची प्रिंट मला कैक पटीने जास्त उपयोगी पडली आहे.

दुकानदाराला, कुत्र्याचं काम दिसून येत नसेल तेव्हा, दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? बस्स. आजार कोणता, डॉक्टरचं पत्र कुठंय, जरा करून दाखवायला सांगा बघू, यातलं काहीही विचारता येत नाही. 'आमच्या गिऱ्हाइकाला ॲलर्जी आहे' किंवा 'लोक घाबरतात' हे बाहेर काढायचं कारण होत नाही. पाळीव प्राण्यांची वेगळी फी लावता येत नाही. दुकानदाराच्या बाजूनेही कायदा आहे, तोही सांगायला हवा: कुत्रा आवरत नसेल आणि मालक आवरायचा प्रयत्न करत नसेल, किंवा कुत्र्याने आत घाण केली, तर त्याला बाहेर न्यायला सांगता येतं. माणसाला मात्र कुत्र्याशिवाय आत येऊ द्यावं लागतं. एकदा भुंकला म्हणून लगेच 'आवरत नाही' असं होत नाही.

माझं अपंगत्व दिसत नाही, त्यामुळे मला हे दोन प्रश्न सतत येतात. त्याचं काही वाटत नाही. उत्तर तोंडपाठ आहे. वैताग येतो तो तिसऱ्या प्रश्नाचा. आमच्या न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानात मॅनेजरने मेथीच्या जुड्यांजवळ मला अडवलं. हात पुढे करून म्हणाला, "कार्ड?" मी म्हटलं, कार्ड लागत नाही, काम विचारा. तो म्हणाला, "बाकी सगळे दाखवतात."

माझ्या मते हा या किटचा सगळ्यात मोठा दोष. ते निरुपयोगी आहे एवढंच असतं तर दिराचे पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण बाकी सगळे दाखवतात म्हणून मॅनेजर कार्ड मागायला शिकला. ज्याच्याकडे खरा कुत्रा आहे आणि कार्ड नाही तो संशयित ठरला, आणि ज्याने शिट्टीसारखा कुकर नोंदवला तो दिमाखात आत. हक्क आधीच माझा होता. या लोकांनी तो मलाच विकला, वर मॅनेजरच्या मनात भरवलं की पावती नसेल तर हक्कही नाही. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये दिराचं कार्ड होतं. काढलं नाही. न्याय खात्याच्या प्रश्नोत्तरांची प्रिंट त्याच्या हातात दिली. त्याने उभ्या उभ्या वाचली, मालकाला फोन केला आणि मग मेथी मिळाली.

दुसरा त्रास बंड्याला होतो. मॉलमध्ये असंच लाल जॅकेट घातलेला एक छोटा कुत्रा ट्रॉलीत बसून सगळ्यांवर भुंकत होता. बंड्यावर झेपावला. बंड्या उलट भुंकला नाही, पण नंतर बराच वेळ त्याचं लक्ष मागेच होतं, आणि तेवढ्या वेळात मला मागून हाक मारणारी बाई मला कळलीच नाही. त्या कुत्र्याच्या मालकिणीला तो आधार देत असेलही. पण नुसत्या सोबतीने बरं वाटतं म्हणून ठेवलेला इमोशनल सपोर्टवाला प्राणी एडीएखाली सर्व्हिस डॉग होत नाही. फ्लोरिडा, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांत खोटा सर्व्हिस डॉग मिरवणं हा गुन्हा आहे. किट विकणारे ही गोष्ट पहिल्या पानावर छापत नाहीत, हे ओघानं आलंच.

गंमत म्हणजे बंड्याची एक नोंदणी खरी आहे. न्यू जर्सीत प्रत्येक कुत्र्याचं लायसन्स टाऊनशिपकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, काढावंच लागतं, रेबीजच्या लसीचा दाखला देऊन. सर्व्हिस डॉगलाही त्यातून सुटका नाही. फक्त राज्याच्या कायद्याने गाइड डॉग, सर्व्हिस डॉग आणि हिअरिंग डॉग यांना फी माफ केली आहे. म्हणजे आख्ख्या प्रकरणात जी एकमेव नोंदणी कायद्याने लागते ती फुकट. पत्र्याचा छोटा बिल्ला मिळतो, हॉलोग्राम नाही.

विमानाचं वेगळं आहे. तिथे एडीए नव्हे, परिवहन खात्याचा नियम चालतो, आणि तो जानेवारी २०२१ पासून बदलला. आता सर्व्हिस ॲनिमल म्हणजे फक्त कुत्रा, आणि विमान कंपनी त्या खात्याचा ठरलेला फॉर्म मागू शकते. आठ तास किंवा जास्तीचा प्रवास असेल तर शी-शूबद्दल आणखी एक. दोन्ही फुकट, आणि त्यात खोटं लिहिणं फेडरल गुन्हा. किटमधलं कार्ड काउंटरवर टाकून काही होत नाही. भाड्याच्या घराचा कायदा तिसराच, फेअर हाउसिंग ॲक्ट. तिथे इमोशनल सपोर्टवाल्या प्राण्यालाही जागा आहे, आणि अपंगत्व दिसत नसेल तर तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरांचं पत्र उपयोगी पडतं.

आणि आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: देवळात एडीएचा हट्ट धरू नका. धार्मिक संस्थांना त्यातून सूट आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असले तरी. मी आमच्या देवळाच्या कमिटीला आधी ईमेल केली, त्यांनी सभामंडपात कडेची जागा दिली, गाभाऱ्याकडे जाताना नवरा बंड्याला घेऊन बाहेर थांबतो. आमचं चाललंय.

पैशांची तुलना करायचीच तर आमच्याच राज्यात, मॉरिसटाऊनला, 'द सीइंग आय' ही अंधांसाठी कुत्रे शिकवणारी संस्था आहे, १९२९ साली स्थापन झालेली. पहिल्यांदा येणाऱ्या विद्यार्थ्याकडून ती १५० डॉलर घेते, माजी सैनिकाकडून एक डॉलर, आणि त्यात शिकवलेला कुत्रा, राहणं-जेवण आणि प्रशिक्षण सगळं आलं. आमच्या किटमध्ये त्यापेक्षा तीस डॉलर कमी भरून प्लॅस्टिक येतं.

दिराला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याने लगेच रिफंड मागितला. कंपनीचं उत्तर आलं की वस्तूवर कुत्र्याचं नाव छापलेलं असल्यामुळे परत घेता येत नाही. आता त्याने एफटीसीच्या, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर तक्रार टाकली आहे, बघू. तुम्हाला कोणी कुत्र्यावरून अडवलं तर एडीएच्या माहितीसाठी सरकारी फोन आहे, ८००-५१४-०३०१, आणि न्यू जर्सीत राहत असाल तर राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. जॅकेट हवं असेल तर प्राण्यांच्या कुठल्याही दुकानात साधं घ्या, मजकूर तुम्हाला हवा तो शिवून मिळतो.