जुन्या गाडीचा ब्रेक कॅलिपर: किट टाकावे, नवा बसवावा की भंगारातला आणावा?

पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीचे पुढचे एखादे चाक विनाकारण तापू लागले, ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढू लागली किंवा एकाच बाजूची पॅड लवकर झिजू लागली, की गॅरेजमध्ये तीन पर्याय पुढे ठेवले जातात. आहे तोच कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग, उघडून त्यात सीलचे किट टाकायचे, सबंध नवा कॅलिपर बसवायचा किंवा त्याच मॉडेलचा जुना कॅलिपर भंगारातून आणायचा. किट काहीशे रुपयांत येते आणि नवा कॅलिपर काही हजारांत जातो, त्यामुळे बहुतेक जण किंमत ऐकूनच निर्णय घेऊन टाकतात. माझे मत असे आहे, की हा निर्णय कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन पाहून घ्यावा आणि तो प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिल्याशिवाय कशालाच होकार देऊ नये.

त्याआधी दोष कॅलिपरचाच आहे याची खात्री करून घ्यावी लागते. गाडी स्टँडवर भक्कम टेकवून ब्रेक दाबून सोडावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. चाक जाम असेल, तर कॅलिपरवरचे ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करावे. थोडे तेल उडून चाक मोकळे झाले, तर दाब मागेच अडकलेला असतो आणि दोष बहुधा आतून फुगलेल्या होज पाइपचा, क्वचित मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणाऱ्या भागाचा) निघतो. निपल सोडूनही चाक हलले नाही, तर मात्र पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना धरलेल्या आहेत. पाच मिनिटांची ही चाचणी न करता कॅलिपर बदलला, तर पैसे जातात आणि चाक तापतच राहते.

पिस्टन मागे ओढून घ्यायला आत कोणतीही स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचा चौकोनी काटछेदाचा रबरी सील ब्रेक दाबल्यावर किंचित पिळला जातो आणि पाय काढताच पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतो. सील कडक झाला की हे मागे येणे थांबते आणि पॅड डिस्कला घासत राहते. किट ज्या दुखण्यावर उपाय आहे ते नेमके हेच आहे. पिस्टनवर गंज चढला असेल, तर मात्र नवा सील त्याच खरबरीत पृष्ठभागावर घासून फाटतो.

आपल्या खान्देशात हा गंज लवकर येतो, असे मला वाटते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आत थापला जाऊन वाळतो आणि पिस्टनवरचे बाहेरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, चिरला की ओल थेट पिस्टनपर्यंत पोहोचते. त्यात पुष्कळ जुन्या गाड्या महिनोन्‌महिने अंगणात उभ्या असतात आणि लग्नसराईतच बाहेर निघतात. ब्रेक ऑइलही हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार आहेत. ताज्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शिरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांतील ४४-४५ अंशांच्या उन्हाने तेल उकळत नाही. परंतु कन्नडकडून चाळीसगावला घाट उतरताना एक कॅलिपर धरलेला असेल, तर त्या चाकातले ओलसर तेल उकळण्यापर्यंत पोहोचू शकते आणि मग पेडल खाली बसत जाते.

म्हणून पिस्टन बाहेर काढून पुसावा आणि सील जिथे टेकतो त्या पट्ट्यावरून नख हळूच फिरवावे. नख कुठेही अडले नाही, तर किटच योग्य आहे आणि नव्या कॅलिपरवर खर्च करण्याचे कारण नाही. बारीक खड्डे लागले किंवा चकचकीत मुलामा पापुद्र्यासारखा सुटलेला दिसला, तर किट विसरावे. काही मॉडेलांसाठी सुटा पिस्टन मिळतो. सिलिंडर आतून गुळगुळीत असेल, तर पिस्टन आणि किट हा मधला मार्ग उत्तम आहे. माझ्या गाडीत एका गॅरेजने खड्डे पडलेल्या पिस्टनवरच किट चढवले होते. दिवाळीपूर्वीच चाकाच्या आतल्या बाजूला तेलाने ओली झालेली धूळ चिकटलेली दिसली आणि तेच काम पुन्हा करावे लागले. भाग धुताना पेट्रोल, डिझेल किंवा साधे ग्रीस वापरले जाणार नाही, याकडेही उभे राहून लक्ष द्यावे, कारण त्यांनी हे रबर फुगते.

नव्या कॅलिपरमध्ये पिस्टन, सिलिंडर आणि सील सगळेच एकदम नवे मिळतात आणि कारागिराच्या हातावर कमी अवलंबून राहावे लागते, हा त्याचा मोठा फायदा आहे. मात्र तो अधिकृत दुकानातून बिलासह घ्यावा. डावा-उजवा अदलाबदल झाला, तर निपल खालच्या बाजूला येते आणि कितीही वेळा एअर काढली तरी ती पूर्ण निघत नाही. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर तपासून चांगला आढळला, तर तोही बदलण्याची सक्ती मी करणार नाही. पॅड मात्र दोन्ही चाकांची एकदमच बदलावीत.

भंगारातल्या कॅलिपरचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. नवा मिळणेच बंद झाले असेल, तरच तो सांगाडा म्हणून घ्यावा आणि पूर्ण उघडून, किट टाकूनच बसवावा.

कोणताही मार्ग घेतला तरी पॅड बदलताना दरवेळी पिना काढून पुसाव्यात, त्यांना रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावावे आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे. काम चालू असताना कॅलिपर होज पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. गाडी हाती आल्यावर दुसऱ्या दिवशी चाकामागे बॅटरी मारून निपल आणि होजचा सांधा कोरडा आहे ना, हे स्वतः पाहावे आणि तोवर गाडी घाटात नेऊ नये.