डोसिंग पंप नऊ महिने वापरल्यावर: कोंबड्यांच्या पाण्याचा माझा अनुभव

लाइट न लागणारा, पाण्याच्या दाबावरच चालणारा १ टक्क्याचा डोसिंग पंप (पिण्याच्या पाण्यात क्लोरीनसारखं औषध ठरल्या प्रमाणात आपोआप मिसळणारा) बसवून आता नऊ महिने झाले, ब्रॉयलरच्या पाच बॅच त्यावर निघाल्या. पहिल्या आठ दिवसातच लिहायला बसलो होतो पण थांबलो, ते बरं झालं, कारण पहिल्या बॅचला माझं मत एकदम वाईट होतं आणि चूक पंपाची नव्हती.

आधी मी टाकीतच क्लोरीन टाकायचो, हाताच्या अंदाजाने. टाकीत क्लोरीन तपासायची स्ट्रिप बुडवली की रंग छान यायचा आणि मी निर्धास्त. शेडच्या टोकाच्या शेवटच्या निपलचं (कोंबडी चोचीने ढकलून पाणी पिते ती छोटी तोटी) पाणी कधी तपासलंच नव्हतं. पंप जोडायला आलेल्या माणसाने लाइनचं, म्हणजे निपलच्या पाइपचं, शेवटचं झाकण काढायला लावलं, बोट आत फिरवलं तर बोटाला तपकिरी बुळबुळीत थर, शेंबडासारखा, कुबट वास. त्या पाण्यात स्ट्रिप पांढरीच्या पांढरी. पिल्लांना आपण इतके दिवस हे पाजत होतो हे बघून खरंच जिवाला लागलं. व्हिटॅमिन, गूळपाणी, इलेक्ट्रोलाइट आपण लाइनमधून देतो ना, तेच त्या थराचं खाद्य, वर पाण्यात लोह असेल तर अजूनच वाढतो.

तर पहिली गोष्ट, पंप लाइन धुवून देत नाही. मी थर तसाच ठेवून पंप चालू केला आणि अख्खी बॅच टोकाला क्लोरीन १ पीपीएमच्या (लिटरला १ मिलिग्रॅम) वर गेलं नाही, सगळं त्या घाणीतच खर्ची पडत होतं. बॅच उचलल्यावर शेड रिकामं असताना लाइनमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडचं ३ टक्के द्रावण भरून २४ तास ठेवलं, एकेक निपल हलवून आतपर्यंत पोचवलं (यात गॅस सुटतो, टोकाचा एअर पाइप उघडा ठेवा नाहीतर जोड निसटतात, आणि कोंबड्या आत असताना हे अजिबात करू नका). दुसऱ्या दिवशी जोरात पाणी सोडून फ्लश केलं तर सुरुवातीला काळ्या चहासारखं पाणी आणि त्यात सालपटं. त्यानंतर दुसऱ्या बॅचपासून टोकाला ३ पीपीएम यायला लागलं.

हिशोब सोपा आहे. १० टक्के हायपोक्लोराइट (पातळ क्लोरीन) असेल तर २० लिटरच्या बादलीत ६० मिली म्हणजे स्टॉक (बादलीतलं द्रावण) ३०० पीपीएमचा, पंप त्यातलं १ टक्का ओढतो म्हणजे लाइनमध्ये ३. पण पाणी स्वतः थोडं क्लोरीन खातं म्हणून मला ८० ते ९० मिली लागतात. टोकाला २ ते ४ मिळालं पाहिजे, माणसांच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा ५ आहे, त्याच्या पुढे मी जात नाही कारण वास वाढला की कोंबडी पाणी कमी पिते आणि पाणी कमी झालं की खाणं पण कमी. हायपोक्लोराइट उन्हात ठेवलं की जोर जातो, कॅन सावलीत आणि बादली दर दोन दिवसांनी ताजी.

पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) विसरू नका, हे मला तिसऱ्या बॅचला कळलं. माझ्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास, तिथे क्लोरीनचा साधारण चौथा हिस्साच जंतू मारायच्या कामाचा असतो, ६.५ ला मात्र ९० टक्के. म्हणून अॅसिडसाठी दुसरा पंप लावला, बादली पण वेगळी. एकाच बादलीत अॅसिड आणि क्लोरीन कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू होतो, हे कामावरच्या प्रत्येकाला समोर उभं करून सांगा, बादल्यांचे रंग वेगळे ठेवा.

पंपाच्या तक्रारी पण आहेत. ओढणाऱ्या नळीच्या टोकाचा छोटा वॉल्व्ह क्षाराने चिकटतो, एकदा असं झालं आणि टकटक आवाज नेहमीसारखाच येत राहिला पण स्टॉक ओढतच नव्हता, तीन दिवस पाणी बिनक्लोरीनचं गेलं. आता बादलीवर पातळीची रेघ मारतो आणि सकाळी पाण्याच्या मीटरच्या लिटरशी ताडून बघतो. सहाव्या महिन्यात सील गेलं, विकणाऱ्याने पार्ट द्यायला तीन आठवडे लावले, याचा राग अजून आहे.

पहिला आठवडा सगळ्यात नाजूक. पिल्लं पितात थोडं, शेड ३२-३३ डिग्री, पाणी लाइनमध्ये तापून बसतं आणि क्लोरीन उडून जातं. दिवसातून दोनदा तरी फ्लश कराच. पाण्यातून लस द्यायची असेल तर ४८ तास आधी क्लोरीन बंद, लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम दूध पावडर, आणि नंतर लाइन स्वच्छ धुऊनच पंप परत चालू.

नियमांचं म्हणाल तर तपासणीला येणारे पंप बघत नाहीत, कागद बघतात. पाण्याचा रिपोर्ट, वापरलेलं औषध पिण्याच्या पाण्यासाठी मंजूर आहे का ते लेबल, आणि रोजची नोंद. मी वहीत तारीख, मीटर, टोकाचं क्लोरीन, पीएच, फ्लशची वेळ लिहितो. लॅबचं सॅम्पल स्रोताचं एक आणि शेवटच्या निपलचं एक, निर्जंतुक बाटलीत, क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असलेल्या, आणि थंड पेटीतून त्याच दिवशी. एकूण जिवाणू मिलिलिटरला १००० च्या आत आणि ई-कोलाय शून्य हवं. याच वहीने चौथ्या बॅचला वाचवलं, मीटरचं पाणी अचानक घसरलेलं दिसलं म्हणून मर सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना बोलावता आलं.

परत घ्यायचा झाला तर हाच पंप घेईन, पण सोबत सीलचे दोन सेट आणि क्लोरीन मोजायचं किट त्याच दिवशी घेईन. परवा सहाव्या बॅचची पिल्लं येतायत, लाइन धुऊन झालीय, आत्ता शेवटच्या निपलला ३ आलंय.