आर्ड्राइव्ह टर्बो: चित्र कायमचे, चूकही कायमची

चारपाचशे चित्रांचा एनएफटी संग्रह (ज्याची मालकी ब्लॉकचेनवर नोंदली जाते) आरवीव्ह या साठवणीच्या जाळ्यावर कायमचा ठेवायचा असेल आणि कमांड लाइन (टाइप करून हुकूम देण्याची खिडकी) उघडायची भीती नसेल, तर आर्ड्राइव्हची टर्बो ही सेवा खुशाल घ्यावी. पैसे कार्डाने भरता येतात, अख्खा फोल्डर एका कमांडने चढतो आणि प्रत्येक फाइलची पावती मिळते. संग्रह बिघडल्याची जी उदाहरणे दिसतात, त्यांतली बहुतेक टर्बोमुळे घडलेली नसतात. फोल्डर नीट न तपासता घाईने चढवला की ती घडतात. म्हणून इथे सेवेपेक्षा तयारीवरच जास्त लिहिले आहे.

बडोद्यात या सेवेला गिऱ्हाईक आहे. एम. एस. युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स १९५० पासून चित्रकार आणि मुद्राचित्रकार घडवते आहे, आणि कामांच्या डिजिटल प्रती नीट ठेवायच्या कुठे हा प्रश्न त्यांच्यापैकी प्रत्येकापुढे कधी ना कधी येतोच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. तळमजल्यावर कॅनव्हास असो की हार्ड डिस्क, पुराला दोन्ही सारखेच.

आधी आयपीएफएस या फाइल वाटून घेण्याच्या जाळ्याबद्दल, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. आयपीएफएस हा पत्ता देण्याचा मार्ग आहे, साठवण्याची हमी नाही. कोणीतरी फाइल पिन करून (म्हणजे आपल्या संगणकावर धरून) ठेवली तरच ती टिकते. पिनिंगचे मासिक पैसे थांबले किंवा पिन करणाऱ्याने दुकान आवरले, की पत्ता शिल्लक राहतो आणि माल मिळत नाही. एनएफटी डॉट स्टोरेजच्या जुन्या मोफत सेवेने ३० जून २०२४ ला नवे अपलोड घेणे बंद केले, तेव्हा ‘मोफत आणि कायमचे’ हे शब्द एकत्र वाचून निश्चिंत झालेल्यांना पुन्हा हातपाय हलवावे लागले.

आरवीव्ह २०१८ पासून चालू आहे आणि त्याचा हिशेब वेगळा आहे. पैसे एकदाच भरायचे. त्यातला मोठा भाग राखीव निधीत जातो आणि पुढे साठवण करणाऱ्यांना त्यातून मोबदला मिळत राहतो. साठवणीचा खर्च वर्षाला निदान अर्धा टक्का घटत जाईल असे धरून दोनशे वर्षांची रक्कम आजच घेतली जाते. हे आर्थिक गृहीतक आहे, सरकारी रोखा नव्हे. तरी दरमहा बिल भरण्याची आठवण ठेवण्यापेक्षा ते बरे.

टर्बो आरवीव्हच्या दारातला आडत्या आहे. तुमच्या शेकडो फाइल्स एका गठ्ठ्यात बांधून तो साखळीवर (ब्लॉकचेनवर) ठेवतो आणि त्याचे शुल्क घेतो. क्रेडिट्स (टर्बोकडची आगाऊ भरलेली शिल्लक) कार्डाने घेताना कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करा. नव्या कार्डांवर ते बंदच असतात. आरवीव्हचे एआर टोकन (आभासी चलन) विकत घेऊन त्यातूनही पैसे भरता येतात, पण आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. टोकन खर्च करणे हेही हस्तांतर ठरू शकते. वहीत चार नोंदी वाढवण्यापेक्षा कार्ड सोपे. आणखी एक फायदा: साधारण १०० केबीपेक्षा लहान फाइल टर्बो फुकट चढवतो. म्हणजे पाचशे चित्रे प्रत्येकी २ एमबीची असतील तर १ जीबीचे पैसे पडतात, आणि पाचशे जेसन फाइल्स (चित्राची माहिती लिहिलेल्या, प्रत्येकी जेमतेम १ केबी) तशाच जातात. ही मर्यादा बदलत आली आहे, त्यामुळे चढवण्याच्या दिवशीची पाहून घ्यावी.

आता तयारी. चित्राचा फोटो मोबाइलने काढला असेल तर त्यात जीपीएसचे ठिकाण दडलेले असू शकते. आरवीव्हवरून काहीही पुसता येत नाही, म्हणजे मग अलकापुरीतल्या घराचा नेमका पत्ता चित्रासोबत कायमचा जाहीर. एक्झिफटूल या प्रोग्रामने ही माहिती काढा, पण ‘सगळे पुसा’ असा हुकूम देऊ नका: त्यात आयसीसी रंग प्रोफाइलही जाते आणि ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत केलेले चित्र पडद्यावर मळकट, फिके दिसू लागते. एक तर फक्त जीपीएस काढा, नाहीतर प्रोफाइल वगळून बाकीचे.

क्रम मोडायचा नाही. आधी चित्रांचा फोल्डर चढवा. टर्बो प्रत्येक चित्राला ४३ अक्षरांची आयडी देतो आणि शेवटी मॅनिफेस्ट नावाची यादी बनवतो: कोणत्या नावामागे कोणती आयडी. त्या मॅनिफेस्टचा पत्ता अधिक चित्राचे नाव, एवढे प्रत्येक जेसनच्या ‘इमेज’ या रकान्यात भरा. मग जेसनचा फोल्डर चढवा. त्याचा जो दुसरा मॅनिफेस्ट मिळेल, तो कॉन्ट्रॅक्टचा (टोकनांची नोंद ठेवणाऱ्या साखळीवरच्या प्रोग्रामचा) बेस यूआरआय, म्हणजे सगळ्या टोकनांच्या पत्त्यांचा सामाईक पहिला भाग. उलट केले तर जेसनमध्ये लिहायला चित्राचा पत्ताच नसतो.

आणि इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. ओपनझेपलिन या तयार कोडच्या संचातले साधे ईआरसी-७२१ (एनएफटीचा ठरलेला नमुना) कॉन्ट्रॅक्ट बेस यूआरआयला टोकनचा आकडा जोडते आणि थांबते, पुढे ‘डॉट जेसन’ लावत नाही. मॅनिफेस्टमध्ये मात्र नाव ‘७ डॉट जेसन’ असते. नुसते ‘७’ मागितले की पान सापडत नाही आणि मार्केटप्लेसवर चित्राऐवजी राखाडी चौकट दिसते. मग कोणी हुशारीने फाइलींची शेपटी (‘डॉट जेसन’) कापून पुन्हा चढवतो. आता नाव जुळते, पण शेपटी नसल्याने कॉन्टेंट-टाइपचा (फाइल कोणत्या प्रकारची ते सांगणारा) टॅग चुकीचा लागतो आणि ब्राउझर जेसन दाखवायच्या ऐवजी डाउनलोड करतो. टॅगही नंतर बदलत नाहीत.

सरळ उपाय असा: फाइल्स शेपटीसह चढवा, म्हणजे टॅग योग्य लागतील. मग टर्बोने दिलेल्या मॅनिफेस्टची प्रत घेऊन त्यातल्या नावांमधले ‘डॉट जेसन’ काढा, आयडी तशाच ठेवा आणि ही सुधारलेली यादी टर्बोच्या एसडीकेमधून (प्रोग्रामरांसाठीच्या साधनांतून) मॅनिफेस्टचा खास कॉन्टेंट-टाइप लावून वेगळी चढवा. दर नोंदीला साठेक बाइट लागतात, पाचशेंना सुमारे ३० केबी, म्हणजे फुकटात. दुसरा मार्ग कॉन्ट्रॅक्टमध्येच शेपटी जोडण्याचा, पण तो मिंट करण्याआधी (टोकन साखळीवर निर्माण करण्याआधी) सुचला तरच उपयोगाचा. टर्बोने ‘नावांतली शेपटी काढा’ असा एक पर्याय दिला असता तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. आमचा मुख्य आक्षेप हाच.

आकड्यांच्या खोड्या आणखी आहेत. कॉन्ट्रॅक्ट ‘००७’ मागत नाही, ‘७’ मागते. पुढची शून्ये चित्रे क्रमाने दिसावीत म्हणून लावलेली असतात, ती काढा. मोजणी ० पासून की १ पासून, हे कॉन्ट्रॅक्ट पाहून ठरवा (सोलाना या ब्लॉकचेनवर मेटाप्लेक्सच्या शुगर या साधनाला ० पासूनच लागते), नाहीतर प्रत्येकाला शेजाऱ्याचे चित्र मिळेल. देवनागरी कीबोर्ड चालू ठेवून फाइलला ‘१’ असे नाव दिले तर माणसाला कळते, कॉन्ट्रॅक्टला नाही. तिथे इंग्रजी आकडाच हवा. मोठ्या आणि लहान लिपीतली शेपटीही वेगळी धरली जाते. बेस यूआरआयच्या शेवटची तिरपी रेघ विसरली तर आयडी आणि आकडा चिकटून एकच निरर्थक पत्ता होतो.

चित्रांची नावे मात्र बिनधास्त मराठीत ठेवा. ‘सूरसागर, संध्याकाळ’ हे नाव जेसनमध्ये व्यवस्थित राहते, फक्त एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यूटीएफ-८ निवडा. साधी सीएसव्ही काढली की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि ती चढली की चढली. पायथॉनने बनवलेल्या जेसनमध्ये देवनागरीऐवजी उलट्या तिरप्या रेघांचे कोड दिसले तर घाबरू नका, ते बरोबर वाचले जातात.

चढवताना स्क्रीनवर येणारे उत्तर एका फाइलमध्ये वळवून ठेवा. मध्येच लाइन गेली तर काय चढले आणि काय राहिले हे त्यावरूनच कळते. कमांड सरसकट पुन्हा चालवली तर मोठ्या चित्रांचे पैसे दुसऱ्यांदा लागतात. आयपीएफएसवर तीच फाइल पुन्हा टाकली तर पत्ता तोच येतो, कारण तो फाइलच्या मजकुरावरून निघतो. आरवीव्हची आयडी सहीवरून निघते, म्हणून तेच चित्र दोनदा म्हणजे दोन आयडी आणि दोन बिले. थम्ब्स डॉट डीबीसारख्या लपलेल्या फाइल्सही फोल्डरमधून आधीच काढा.

फाइल लगेच उघडली म्हणजे काम झाले असे नाही. त्या घडीला ती टर्बोच्या आणि गेटवेच्या (आरवीव्हच्या फाइल्स ब्राउझरला दाखवणाऱ्या सर्व्हरच्या) ताब्यात असते. गठ्ठा साखळीवर बसून पक्का व्हायला वेळ लागतो. आरवीव्हचा एक ब्लॉक सुमारे दोन मिनिटांचा, पण घाई कशाला? पक्के झाल्याची खूण दिसेपर्यंत बेस यूआरआय गोठवू नका, म्हणजे पुन्हा बदलता येणार नाही असा करू नका. गोठवण्याआधी पहिला, शेवटचा आणि मधले दोनचार टोकन कॉन्ट्रॅक्टकडून मागून, येणारा पत्ता जसाच्या तसा ब्राउझरमध्ये टाकून पाहा. पत्त्यापुढे लांबलचक अगम्य सबडोमेन आले तर तो दोष नाही, गेटवे सुरक्षेसाठी तसे करतो. चूक सापडली आणि यूआरआय मोकळा असला, तर फक्त जेसन आणि मॅनिफेस्ट पुन्हा चढवायचे; चित्रांना हात लावावा लागत नाही.

इंटरनेटवरचे जुने धडे जपून वाचा. त्यांत बंडलर म्हणून जी सेवा दिसते तिचे २०२३ मध्ये आयरिस झाले आणि पुढे तिने स्वतःची वेगळी साखळी काढली. त्या कमांड तशाच टाकून आरवीव्हवर पोचण्याची आशा धरू नये.

आर्ड्राइव्हचे वेब ॲप दहावीस चित्रांना ठीक, संग्रहाला नाही. वॉलेटची (तुमच्या साखळीवरच्या खात्याची) चावीची फाइल हरवली तर चढलेली चित्रे जागेवर राहतात, उरलेली क्रेडिट्स मात्र गेली. तिच्या दोन प्रती ठेवा, एक वरच्या मजल्यावर. आणि कोणी सांगून करून घेतलेले व्यक्तिचित्र चढवायचे असेल तर आधी त्यांची लेखी संमती घ्या. उद्या त्यांनी काढून टाका म्हटले, तर टर्बोकडे त्यासाठी बटण नाही.