मांजरीच्या प्लेटलेट घसरल्या तेव्हा: पुण्यातील एका दवाखान्याचा अनुभव

आमची चार वर्षांची चिंगी जांभई देत असताना तिच्या हिरडीवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले आणि पोटावरचे केस बाजूला केल्यावर एक जांभळा डाग आढळला, म्हणून मी तिला फक्त मांजरांवर उपचार करणाऱ्या, आमच्या ओळखीच्या छोट्या दवाखान्यात नेले. गेले पाच महिने तेथे जे पाहिले, त्यावरून हे लिहीत आहे.

या दवाखान्याची मोठी जमेची बाजू ही की, तेथील डॉक्टर प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींच्या, यंत्राने छापलेल्या आकड्यावर विसंबत नाहीत. मांजरांच्या प्लेटलेट आकाराने मोठ्या असतात आणि रक्त काढताना चटकन एकमेकींना चिकटतात. हे पुंजके यंत्राला नीट मोजता येत नाहीत, त्यामुळे धडधाकट मांजराचाही अहवाल धडकी भरवणारा येऊ शकतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी आमच्या बोक्याच्या प्लेटलेट ३८ हजार दाखवल्या गेल्या आणि लगेच स्टेरॉइड सुरू करण्याचा सल्ला मिळाला. त्या वेळी याच डॉक्टरांनी रक्ताचा थेंब पसरलेल्या काचपट्टीच्या कडेला द्राक्षांच्या घडांसारखे दिसणारे पुंजके मला दाखवले आणि बोक्याला कोणताही आजार नसल्याचे सांगितले.

चिंगीच्या बाबतीत यंत्राने १२ हजार हा आकडा दिला, तेव्हाही त्यांनी स्वतः काचपट्टी रंगवून पाहिली. मायक्रोस्कोपच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली एका दृश्यक्षेत्रात दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात ढोबळमानाने १५ हजार, असा हिशेब असतो. मी डोळा लावला तेव्हा गुलाबी रक्तपेशींच्या गर्दीत कुठेतरी एखादाच जांभळा ठिपका दिसत होता. पुंजका मात्र कुठेही नव्हता. निरोगी मांजरात ही संख्या साधारणपणे दोन लाखांच्या वर असते, त्यामुळे या वेळी आकडा खरा आहे हे मला न समजावताही कळले.

त्यानंतरही त्यांनी घाईने निदान केले नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते, असा मूळचा आजार मांजरांत दुर्मीळ असतो. बहुतेकदा त्यामागे ल्युकेमियाचा विषाणू, एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू), रक्तातील परजीवी, लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) किंवा एखादे औषध असते. या सगळ्यांची चौकशी आणि तपासण्या झाल्यावरच दररोज दर किलो वजनामागे दोन मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले. त्याच्याच जातीचे प्रेडनिसोन का नको, हेही त्यांनी सांगितले: मांजराच्या शरीरात त्याचे प्रेडनिसोलोनमध्ये पुरेसे रूपांतर होत नाही.

मला सर्वाधिक भावली ती त्यांची रक्त घेण्याची पद्धत. मानेची मोठी शीर टाळून मागच्या पायातून बारीक सुईने रक्त घेतले आणि नंतर सहायक ताईंनी घड्याळ लावून पाच मिनिटे कापूस दाबून धरला, कारण प्लेटलेट इतक्या कमी असताना सुईच्या एका छिद्रातूनही रक्त झिरपत राहू शकते.

उणिवाही सांगायला हव्यात. रात्री आणि रविवारी दवाखाना बंद असतो. मांजरांमध्ये ए, बी आणि एबी असे रक्तगट असतात व रक्त देण्यापूर्वी ते जुळवावे लागतात. पण येथे त्याची सोय नाही आणि ही गोष्ट आम्हाला पहिल्या संध्याकाळी निघता निघता कळली. ती आधी सांगायला हवी होती, कारण त्या रात्री चिंगीला रक्तस्राव झाला असता तर कुठे धावायचे, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आठव्या दिवशी प्लेटलेट ६४ हजारांवर आल्या आणि चौथ्या आठवड्यात दोन लाखांपुढे गेल्या. औषध एकदम न थांबवता दर काही आठवड्यांनी कमी केले जात आहे, आणि स्टेरॉइडमुळे मांजरांना मधुमेह होऊ शकत असल्याने प्रत्येक भेटीत साखरही तपासली जाते. मांजराचा केवळ आकड्यावर आधारलेला अहवाल हातात घेऊन घाबरलेल्या प्रत्येकाने आधी येथे काचपट्टी तपासून घ्यावी, असे मी मनापासून सुचवते. मात्र वेळ ठरवूनच जावे आणि रात्रीच्या सोयीची चौकशी पहिल्याच भेटीत करावी.