पन्नास की पाच? जुने, कमी खर्चातले वेस्टर्न घरी आणताना

माझ्या कपाटात दोन डबे शेजारीशेजारी उभे आहेत. एकात पन्नास जुने अमेरिकन वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, आहेत, दुसऱ्यात पाच. पन्नासचा डबा अमेरिकेतल्या मावसभावाने जुन्या वस्तूंच्या दुकानातून उचलून आणला, अगदी चहा-बिस्किटांच्या भावात. पाचच्या संचासाठी मी दोन दिवाळ्या पैसे बाजूला टाकले. परवा भाची आली, दोन्ही डबे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "मामा, मला यातलं काही आवडेल का? आणि घ्यायचंच झालं तर कोणतं घेऊ?" तिला तेव्हा दिलेलं उत्तर फारच त्रोटक होतं, म्हणून नीट लिहितो आहे.

दोन्ही डब्यांत घोडे आहेत, पिस्तुलं आहेत, धूळ आहे आणि गावात कुठूनतरी आलेला एकटा माणूस आहे. दोन्हीकडचे चित्रपट हॉलिवूडच्या हिशेबात कमी पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकलेले. तरी एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायला जाल तर फसाल.

आधी पन्नासचा डबा. १९३०च्या दशकात अमेरिकेतली बरीच चित्रपटगृहं एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मुख्य चित्रपटाला जोड म्हणून लागायचा तो 'बी' चित्रपट, साधारण तासाभराचा. त्यातले वेस्टर्न शनिवारी दुपारी पोरं गर्दी करून पाहत. मोनोग्रामसारख्या छोट्या कंपन्या, आणि १९३५ साली हर्बर्ट येट्स यांनी अशाच काही कंपन्या एकत्र करून उभी केलेली रिपब्लिक, हा माल धडाधड काढत. जॉन वेन मोठा नट होण्याआधी १९३३ ते १९३५ या काळात मोनोग्रामसाठी 'लोन स्टार' या नावाखाली असे १६ चित्रपट करून गेला. स्वस्त डब्यांत हमखास सापडतात ते हेच.

ते स्वस्त का, हे समजून घ्या, कारण सगळ्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार कॉपीराइट २८ वर्षांचा असे आणि मग त्याचं नूतनीकरण करावं लागे. अनेक छोट्या वेस्टर्नांचं ते कुणी केलंच नाही. चित्रपट सर्वांसाठी खुले झाले आणि ज्याच्या हाती प्रिंट लागली तो विकायला मोकळा झाला. ही प्रिंट बहुधा टीव्हीसाठी काढलेली १६ मिलिमीटरची असे, किंवा तिच्या प्रतीची प्रत. आधी टेपवर, मग डीव्हीडीवर, प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळत गेलं. आभाळ पांढरंफटक, सावल्या काळ्याकुट्ट, संवाद खरखरीत.

आणखी एक गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही. या सुरुवातीच्या चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हतंच. टापांचा आवाज, वारा आणि संवाद, एवढंच. पुढे टेपच्या काळात काही प्रतींवर सिंथेसायझरचं संगीत चढवलं गेलं. १९३४च्या घोडदौडीखाली तो आवाज ऐकू आला, तर तो मूळ चित्रपटाचा नाही. तशी प्रत बाजूला ठेवा, दुसरी शोधा. टापांवरच चालणारा पाठलाग ऐकण्यात जी मजा आहे ती त्या संगीताखाली पार चेपली जाते.

मग हा डबा मी टाकून का दिला नाही? याकिमा कॅनट या माणसामुळे. रोडिओतून, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर स्वारी करण्याच्या खेळातून, आलेला हा घोडेस्वार लोन स्टारच्या चित्रपटांत स्टंट करायचा आणि अभिनयही. काही चित्रपटांत खलनायक तोच आणि वेनच्या जागी स्टंट करणारा डबलही तोच. दौडत्या घोड्यावरून दुसऱ्या स्वारावर झेप, सुटलेल्या घोडागाडीच्या जोडीवर उडी, खडकावरून थेट पाण्यात. सगळं एका माणसाने खरोखर केलेलं, आणि कॅमेरा लांब उभा राहून नुसतं पाहतो आहे. पडद्यावरची मारामारी आज जशी दिसते तिची पद्धतही बरीचशी इथेच बसली. ठोसा हनुवटीजवळून जावा आणि कॅमेरा अशा कोनात असावा की तो लागलाच असं वाटावं, हे वेन, कॅनट आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांनी याच चित्रपटांत घोटून घेतलं. १९६७ साली कॅनटला मानद ऑस्कर मिळालं. त्याच्या कामाची बाराखडी या फाटक्या प्रिंटांत आहे.

दुसरं कारण चेहऱ्यांचं. जॉर्ज हेज हा नट एका चित्रपटात प्रेमळ म्हातारा असतो आणि पुढच्यात टोळीचा म्होरक्या. पाच-सहा चित्रपट झाले की गावातल्या नाटकमंडळीसारखी ओळख होते. आज हा कोण झालाय, म्हणून आपण सरसावून बसतो. ही मजा एकट्यादुकट्या चित्रपटात येत नाही, तिला ढीगच लागतो. म्हणून डबा.

एक खटकणारी गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. त्या काळी घोडा पाडायला त्याच्या पायांना तार बांधत. घोडा भरधाव असताना तार ताणली जाई आणि तो तोंडावर कोसळे. त्यात घोडे जायबंदी होत, मरतही. कॅनटनेही हे तंत्र वापरलं आहे. १९३९ साली आलेल्या एका मोठ्या चित्रपटाच्या चित्रीकरणात कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला आणि गहजब झाला, त्यानंतर अमेरिकेत चित्रीकरणावर प्राणिसंस्थेची देखरेख आली. त्याआधीच्या चित्रपटांत घोडा असा कोसळताना दिसला की मला आजही आवंढा गिळावा लागतो. घरात लहान मुलं असतील तर हे आधी माहीत असावं.

आता पाचचा संच. १९५७ ते १९६० या काळात दिग्दर्शक बड बेटिकर, नट रँडॉल्फ स्कॉट आणि निर्माते हॅरी जो ब्राउन यांनी कोलंबियासाठी पाच चित्रपट केले: 'द टॉल टी', 'डिसिजन ॲट सनडाउन', 'ब्युकॅनन राइड्स अलोन', 'राइड लोनसम' आणि 'कमांची स्टेशन'. रँडॉल्फमधला 'रॅन' आणि ब्राउनमधला 'आउन' जोडून यांना 'रॅनाउन' म्हणतात. जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने २०२३ साली हे पाचही ४के, म्हणजे अतिशय स्पष्ट चित्राच्या, डिस्कच्या संचात आणले. प्रत्येक चित्रपट ८० मिनिटांच्या आतबाहेर, 'राइड लोनसम' तर ७३ मिनिटांचा. सलग लावले तरी पाचही साडेसहा तासांत संपतात.

यातले तीन चित्रपट कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळच्या अलाबामा हिल्समध्ये घेतले आहेत. मागे सिएरा नेवाडाचे बर्फाळ सुळके, पुढे गोल झालेल्या ग्रॅनाइटच्या शिळा. हंपीला जाऊन आलेल्यांना त्या ओळखीच्या वाटतील. त्याच परिसरात १९३०-४०च्या दशकांत बी-वेस्टर्नही भरपूर झाले. पण स्वस्त डब्यात ते खडक करड्या गोळ्यांसारखे दिसतात. या संचात दगडाचा खडबडीतपणा दिसतो, दुपारची सावली संध्याकाळी किती लांब झाली ते दिसतं, आणि साठीतल्या स्कॉटचा चेहरा त्याच दगडातून काढल्यासारखा वाटतो. 'राइड लोनसम'मध्ये ओसाड मैदानात एकच वाळकं झाड उभं आहे. त्या झाडाचं काय ते सांगत नाही. पण सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत ते कुठे उभं आहे यावरच चित्रपटाचा शेवट तोललेला आहे, आणि कडा कापलेल्या प्रतीत तो तोल जातो.

या चित्रपटांतले खलनायक मला नायकाहून जास्त आवडतात. 'द टॉल टी' लेखक एल्मोर लेनर्डच्या कथेवरून केला आहे. त्यातला रिचर्ड बून ज्याला मारायचं त्याच्याशीच गप्पा मारत बसतो, कारण बोलण्यालायक दुसरं माणूसच त्याच्या टोळीत नाही. 'राइड लोनसम'मध्ये पर्नेल रॉबर्ट्सला गुन्हे माफ करून घेऊन थोडी जमीन कसायची आहे, एवढंच. जेम्स कोबर्नचा हा पहिला चित्रपट. पन्नासच्या डब्यात खलनायक कोण हे पाचव्या मिनिटाला कळतं. इथे ते कळतं, पण तो हरावा असं मनापासून वाटत नाही.

आदिवासी अमेरिकनांच्या चित्रणाबाबत मात्र दोन्ही डबे उणेच. पन्नासच्या डब्यात बरेचदा गोऱ्या नटांना रंग फासून 'इंडियन' केलेलं असतं. बेटिकरच्या 'कमांची स्टेशन'मध्येही कमांची ही आदिवासी जमात म्हणजे शेवटी टेकडीआडून येणारं संकटच. पाचचा संच महाग आहे म्हणून या बाबतीत शहाणा असेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

मग घ्यायचा कोणता? भाचीचं मी असं पाहिलं: तिला सबटायटल लागतात. त्या काळची सैल, चघळलेली टेक्सन इंग्रजी आपल्या कानांना सहज कळत नाही, माझ्याही नाही. स्वस्त डब्यांत सबटायटल नसतात, शिवाय आवाज खरखरीत. रॅनाउनच्या संचात ते आहेत. ज्याने आयुष्यात एकही जुना वेस्टर्न पाहिलेला नाही त्याने फाटक्या प्रिंटपासून सुरुवात केली, तर तो दोन चित्रपटांत डबा मिटेल आणि हा प्रकारच वाईट म्हणेल. दोष प्रिंटचा असतो, नाव चित्रपटाचं खराब होतं. म्हणून तिला माझं सांगणं पाच. ज्याला आधीपासून गोडी आहे, ज्याला नादियाच्या स्टंटपटांसारखं शरीराने केलेलं धाडस पाहायला आवडतं, त्याने पन्नास खुशाल घ्यावेत. नादियाचा, वाडियांनी काढलेला 'हंटरवाली' १९३५चाच, रिपब्लिकच्या जन्मसालचा. तिकडे कॅनट आणि इकडे नादिया एकाच काळात जीव धोक्यात घालत होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पैसे घालण्याआधी चव पाहायची असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर लोन स्टारचे बरेच चित्रपट फुकट आहेत. एका रविवारी एक पाहा. तासाभरात स्वतःचं स्वतःलाच कळेल.

या दोन टोकांच्या मध्येही वाट आहे. वॉर्नर आर्काइव्हने २००९पासून मागणीनुसार डीव्हीडी-आर काढून द्यायला सुरुवात केली. त्यात मोनोग्रामचे नंतरचे काउबॉयपट आणि आरकेओ या स्टुडिओने काढलेले, टिम होल्ट या नटाचे चित्रपट बऱ्या प्रिंटमधून आले. पण सबटायटल तिथेही बहुधा नसतात, आणि डीव्हीडी-आर ही छापलेली नव्हे, लेझरने लिहिलेली डिस्क. तिला ऊन आणि दमट हवा मानवत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने ती बंद कपाटातच ठेवावी. जीन ऑट्रीने स्वतःच्या चित्रपटांच्या प्रती जपून ठेवल्या होत्या, त्यांवरून काढलेल्या त्याच्या डीव्हीडी पूर्ण लांबीच्या आहेत. गाणारा काउबॉय चालत असेल तर त्या उत्तम. तसाच गाणारा दुसरा काउबॉय रॉय रॉजर्स, त्याचे 'ट्रिगर ज्युनियर' आणि 'सनसेट इन द वेस्ट' ट्रूकलरमध्ये पुन्हा उभे करून ब्लू-रेवर आले आहेत. ट्रूकलर ही सुरुवातीला दोनच रंगांवर चालणारी पद्धत. तिचं नारिंगी-निळं जग बघण्यासारखं आहे.

रॉजर्स आणि ऑट्री यांचा कुठलाही स्वस्त डबा घेताना एक गोष्ट न चुकता पाहा: मागच्या बाजूला छापलेली मिनिटं. १९५०च्या दशकात टीव्हीवर जाहिरातींसकट तासात बसावेत म्हणून यांचे चित्रपट ५३-५४ मिनिटांपर्यंत कापले गेले. कात्री चालली ती गाण्यांवर आणि विनोदी प्रसंगांवर. मूळ चित्रपट ६८ मिनिटांचा असेल आणि डब्यावर ५४ लिहिलं असेल, तर तुमच्या हाती कापलेला तुकडा आहे.

आता आपल्याकडच्या अडचणी. डिस्क जगाच्या ठरावीक भागांतच चालाव्यात म्हणून त्यांना विभाग नेमून दिलेले असतात: भारताचा डीव्हीडी विभाग ५ आणि ब्लू-रेचा सी. अमेरिकन ब्लू-रे बहुधा ए विभागापुरती बांधलेली असते, त्यामुळे साध्या भारतीय प्लेअरवर चालत नाही. ४के डिस्कला विभागाचं बंधन नसतं, म्हणून रॅनाउनच्या संचातल्या ४के डिस्क इथे चालतील, सोबतच्या ब्लू-रे अडतील. वेगळा ४के प्लेअर घ्यायचा नसेल तर डिस्क बसणारा प्लेस्टेशन ५ त्या डिस्क चालवतो. पन्नासच्या डब्यांवर सहसा विभागाचं बंधन नसतं, ती एक सोय.

तिथून कुणी आणून देणार असेल तर डबा उघडून पाहायला सांगा. पन्नासच्या डब्यांत डिस्क अनेकदा दोन्ही बाजूंनी छापलेल्या असतात, म्हणजे धरायला सुरक्षित बाजूच नाही. माझ्या डब्यातली एक डिस्क पहिल्याच दिवशी एका बाजूला अडकली, आणि त्या बाजूवरचे दोन चित्रपट मी आजतागायत पाहिलेले नाहीत. आणलेल्या दिवशीच प्रत्येक बाजू दोन-दोन मिनिटं लावून तपासा, बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत.

भाचीला मी 'द टॉल टी' दिला आहे. पहिली वीस मिनिटं निवांत, थट्टामस्करीची आहेत. तिथे कंटाळून उठू नकोस, एवढंच तिला बजावलं आहे.